पांच महिन्यांचें माणूस

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे एक स्नेही सपत्नीक पूर्वेकडील देशांचा प्रवास करून परत आले. गृहस्थ सुशिक्षित, चौकस आणि बोलावयास गोड. त्यामुळें त्यांच्या घरीं चहाच्या निमित्तानें जमलेल्या पांचदहा मंडळींना प्रवासवर्णनाची मेजवानीच मिळाली. सिंगापूरची स्वच्छता व बँकॉकचीं देवळें झाल्यावर गाडी फिलिपीन्सवर आली. "तिथल्या दुकानांतल्या मुली पाहाव्यात," ते म्हणाले. "सकाळीं पाहा, रात्रीं पाहा, ताठ उभ्या, केस चापूनचोपून बांधलेले, आणि तोंडावरचें हसूं म्हणून हलावयाचें नाहीं. आमच्या हिनें चपलांचा एक जोड घेण्यासाठीं बारा जोड काढावयास लावले, पण त्या पोरीच्या कपाळाला आठी नाहीं. जातच हसतमुख हो! नाहींतर आपल्या इकडच्या मुली! दोन जोड दाखविले कीं तिसऱ्याला तोंड वांकडें." मंडळींनीं माना डोलविल्या. आमच्याकडे वळून ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आपल्या विद्यार्थिनींना हें शिकवा. शेक्सपिअर राहूं द्या बाजूला."

त्या वेळीं आम्ही गप्प बसलों. यजमानाचा चहा पितां पितां त्याच्याशींच वाद घालावा हें आमच्या वयाला शोभलें नसतें. शिवाय जें बोलावयाचें होतें तें चार वाक्यांत आटोपण्यासारखें नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका परिषदेच्या निमित्तानें आम्हांस मनिला शहरीं तीन आठवडे राहण्याचा योग आला होता. परिषदेंत वाचलेले निबंध आम्ही आज विसरून गेलों आहों. परंतु रात्रीं दुकानें बंद झाल्यावर मागल्या दाराशीं रांगेंत उभ्या असलेल्या आणि आपल्या पारदर्शक पिशव्या रखवालदाराला उघडून दाखविणाऱ्या मुली अद्याप डोळ्यांपुढें आहेत. त्यांपैकीं एकहि हसत नव्हती. जें हास्य आमच्या स्नेह्यांनीं 'जातीचें' म्हणून वाखाणलें, तें दुकानाच्या मागल्या दारापर्यंतहि टिकत नाहीं, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. तें येतें कोठून आणि जातें कोठें, याचा शोध घेतां घेतां आम्हांस त्या देशाचे कामगार-कायदे व त्या कायद्यांना पाडलेल्या पळवाटा यांचा थोडासा परिचय झाला. त्याच्या आधारें आमच्या स्नेह्यांस हें उत्तर.

स्नेह्यांचें म्हणणें, व त्या बैठकींतील एका व्यापारी गृहस्थांनीं त्याला जोडलेली पुस्ती, यांचीं तीन कलमें होतात. ह्या मुली स्वभावतःच हसतमुख व सोशिक आहेत, हें पहिलें. त्यांस काम मिळालें आहे व त्या समाधानी आहेत, मग आपण कां दुःख करावें, हें दुसरें. आणि त्यांची नोकरी पक्की करूं गेल्यास धंदाच बसेल व आहे तेंहि जाईल, हें तिसरें. तिन्ही कलमें आम्हांस अमान्य आहेत. परंतु तीं खोडण्यापूर्वीं ज्या मुलीविषयीं हा वाद आहे तिचा दिवस कसा जातो, तें वाचकांनीं पाहावें.

मनिलाच्या एखाद्या मोठ्या मॉलमध्यें पादत्राणें विकणारी वीसबावीस वर्षांची मुलगी घ्या. आम्ही जिचें चित्र काढीत आहों ती कोणी एक ठराविक व्यक्ति नव्हे. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत व त्यांच्या आयुष्याचा सांचा एकच आहे. घर सामार बेटावर किंवा बिकोल प्रांतांत. बाप नारळीच्या बागेंत राबणारा किंवा मासे धरणारा. पाठीवर तीन भावंडें. तीं तिला 'आते' म्हणतात. आमच्या कानाला हा शब्द बापाच्या बहिणीचा वाटतो, पण तागालोग भाषेंत त्याचा अर्थ 'ताई' असा आहे. आणि तिकडच्या गरीब घरांत ताईनें कमवावें, धाकट्यांनीं शिकावें, हा व्यवहार इतका ठरून गेलेला असतो कीं त्याविषयीं कोणी कोणास विचारीतहि नाहीं.

मनिलांत तिला राहावयास खोली नाहीं, खाट आहे. एका खोलींत एकावर एक रचलेल्या चारसहा खाटा, त्यांपैकीं एक तिची. या भाड्याच्या खाटेला तिकडे 'बेडस्पेस' म्हणतात. न्हाणीघर एक, तेव्हां अंग धुण्याचा पाळीक्रम लावलेला. पहांटे उठून भात व सुकी मासळी खाऊन ती निघते. प्रथम जीपनी नांवाची ती रंगीबेरंगी लांबोळकी गाडी, मग एड्सा या हमरस्त्यावरून धांवणारी आगगाडी. या गाडीच्या पहिल्या डब्यांत स्त्रिया, वृद्ध, अपंग अशांसाठीं राखीव जागा असते, पण त्यांतहि पाय ठेवण्यास जागा होईपर्यंत दोन गाड्या सोडाव्या लागतात. दुकानांत पोंचल्यावर केसांचा अंबाडा, ओठांना रंग, पायांत मोजे. आणि दार उघडलें कीं येणाऱ्या प्रत्येकाला 'मॅम-सर' असें एका दमांत नमन. पुरुष येवो कीं स्त्री येवो, शब्द तोच. कारण थांबून पाहण्यास वेळ नाहीं.

पुढें दिवसभर उभें राहणें. २०१७ सालपर्यंत कित्येक दुकानांत उंच टांचेचे बूट घालून उभें राहणें सक्तीचें होतें. त्या वर्षीं तेथील कामगार खात्यानें हुकूम काढला कीं टांच एक इंचाहून उंच असण्याची सक्ती करूं नये, मधून मधून बसावयास द्यावें, व त्यासाठीं आसनें ठेवावींत. सरकारास टांचेची उंची इंचांत मोजून द्यावी लागली, यावरूनच त्यापूर्वीं काय चालत असेल याचा अंदाज सुज्ञांनीं करावा.

मजुरी दिवसाची. राजधानीच्या प्रदेशांत जुलै २०२५ मध्यें किमान दर दिवसाला ६९५ पेसो ठरला, म्हणजे आपल्या हजाराच्या आसपास रुपये. पण काम नाहीं त्या दिवशीं पैसे नाहींत. त्यांतून विम्याची व आरोग्याची वर्गणी कापून जाते, खाटेचें भाडें जातें, गाडीभाडें जातें. उरेल त्यांतील मोठा हिस्सा पंधरवड्याच्या पगाराबरोबर गांवीं जातो. तिच्या स्वतःसाठीं गल्लीच्या तोंडाशीं 'सारी-सारी' नांवाचें किराणा दुकान असतें. तेथें शॅम्पूची एक पुडी, तेलाची एक पिशवी, लसणाची एक कुडी, असें सुटें सुटें मिळतें. या सुट्या विक्रीस तागालोगमध्यें 'तिंगी' असा शब्द आहे. ज्याच्यापाशीं आठवड्याचे पैसे एकदम नसतात त्यानें दिवसाचा माल दिवसाला घ्यावा, ही सोय आमच्याकडील वाण्याच्या दुकानांतहि पूर्वापार आहे, व तिच्यांत वाईट कांहीं नाहीं. वाईट तें पुढेंच आहे. या मुलीला तिची नोकरीसुद्धां पुडीनेंच मिळते, आणि ही पुडी पांच महिन्यांची असते.

पांचच कां, हें समजून घेण्यासारखें आहे. फिलिपीन्सची कामगार-संहिता १९७४ सालची. तिच्यांत असें कलम आहे कीं नव्या नोकराला उमेदवारीवर ठेवावयाचें झाल्यास ती उमेदवारी सहा महिन्यांहून अधिक असूं नये. सहा महिन्यांनंतरहि तो कामावर राहिला तर तो कायम झाला असें समजावें. कलम चांगलें आहे, हेतु स्वच्छ आहे. परंतु सहा महिन्यांनीं माणूस कायम होतो, हें वाक्य कामगारानें वाचलें तसें मालकानेंहि वाचलें, आणि त्यानें त्यांतून आपल्या सोयीचें गणित काढलें: सहावा महिना उजाडूंच द्यावयाचा नाहीं. पांच महिन्यांचा करार, तो संपला कीं निरोप. मग दुसऱ्या दुकानांत, दुसऱ्या मुकादमाच्या नांवावर, किंवा थोड्या दिवसांच्या खंडानंतर त्याच दुकानांत पुन्हा पांच महिने. 'एंड ऑफ काँट्रॅक्ट' या शब्दांचे पाय तोडून तिकडच्या कामगारांनीं 'एंडो' असा शब्द बनविला आहे. 'मला काढलें' असें ती मुलगी म्हणत नाहीं. 'मी एंडो झालें' असें म्हणते. आपल्याकडे माणूस आजारी होतो किंवा वयस्क होतो, तसें तिकडे तें एंडो होतें! जणूं हें करणारा कोणी नाहींच. सर्वच दुकानदार असें करतात असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या पद्धतीला सबंध देशाच्या भाषेनें नांव दिलें ती चारदोन लबाडांची असूं शकत नाहीं.

आतां पहिलें कलम घेऊं. फिलिपिनो स्त्री जात्याच हसतमुख व सोशिक आहे काय? त्या देशाचा इतिहास चाळणाराला तरी तसें दिसत नाहीं. १८८८ सालीं, स्पॅनिश अंमल चालू असतां, मालोलोस गांवच्या वीस तरुणींनीं आम्हांस रात्रींची शाळा पाहिजे असा अर्ज खुद्द गव्हर्नर-जनरलच्या हातीं दिला. गांवच्या पाद्रीबुवांस तो रुचला नाहीं. तरी मुली मागें हटल्या नाहींत, व शाळा मिळाली. होसे रिसाल यांनीं दुसऱ्याच वर्षीं लंडनहून त्यांना जें पत्र लिहिलें तें तिकडील देशभक्तीच्या वाङ्मयांत आज अभिमानानें वाचलें जातें. पुढें मताधिकाराचा प्रश्न निघाला, तेव्हां तीन लाख स्त्रियांनीं अनुकूल कौल दिला तरच हक्क देऊं अशी अट राज्यकर्त्या पुरुषांनीं घातली. १९३७ च्या एप्रिलांत ४,४७,७२५ स्त्रियांनीं अनुकूल मत देऊन ती अट पार केली. आणि १९७५ सालीं, लष्करी कायद्याखालीं संपाला बंदी असतां, मनिलाच्या तोंडो भागांतील एका मद्याच्या कारखान्यांतील कामगारांनीं जो गाजलेला संप केला, त्याची एक मुख्य मागणी हंगामी माणसांस कायम करा हीच होती. असला इतिहास ज्या लोकांच्या पाठीशीं आहे त्यांना सोशिकपणाचें प्रशस्तिपत्र देणें म्हणजे इतिहास न वाचल्याची कबुली देणें होय.

मग तें हास्य कोठून आलें? त्याचें उत्तर नोकरीच्या जाहिरातींत आहे. दुकानांतील मुलींसाठीं तिकडे ज्या जाहिराती निघतात त्यांत वय, उंची आणि 'प्रसन्न व्यक्तिमत्त्व' या गोष्टी मागण्याचा प्रघात पडून गेला आहे. वयाची अट घालूं नये असा कायदा २०१६ सालीं झाला. प्रसन्नतेची अट मात्र अबाधित आहे. म्हणजे जें हास्य आमच्या स्नेह्यांस फुकट मिळालेलें वाटलें तें त्या मुलीच्या कामाचा एक भाग आहे, मालाची मोजदाद करणें हा जसा भाग आहे तसाच. फरक इतकाच कीं मोजदाद चुकली तर ती पुन्हां करतां येते. तिसऱ्या महिन्यांत एखाद्या गिऱ्हाइकानें 'ही मुलगी तुसडी आहे' अशी तक्रार केली तर पांचव्या महिन्यानंतर तिचें नांव यादींत नसतें. तिला कोणी काढून टाकीत नाहीं, तिची चौकशी होत नाहीं, तिला कारण सांगावें लागत नाहीं. करार संपला, एवढेंच. ज्या मुलीला दर पांच महिन्यांनीं पुन्हां निवडून यावयाचें आहे ती बाराव्या जोडालाहि हसणार नाहीं तर काय करील? आमच्या इकडची मुलगी तिसऱ्या जोडाला तोंड वांकडें करते, याचें आमच्या स्नेह्यांस वाईट वाटलें. आम्हांस वाटतें कीं जिला तोंड वांकडें करण्याची सोय उरली आहे तिची नोकरी थोडीशी तरी तिच्या मालकीची आहे.

दुसरें कलम समाधानाचें. काम मिळालें आहे हें खरें. आणि न मिळण्यापेक्षां मिळालेलें बरें, हेंहि खरें. पण पांच महिन्यांत काय काय होऊं शकत नाहीं तें पाहा. वर्षभर नोकरी झालेल्या कामगारास वर्षाकाठीं पांच दिवसांची भरपगारी रजा द्यावी असें त्या संहितेंत आहे. पांच महिन्यांच्या माणसाचें वर्ष कधीं भरतच नाहीं, तेव्हां त्या पांच दिवसांशीं त्याची गांठ पडत नाहीं. २०१९ सालीं त्या देशानें बाळंतपणाची भरपगारी रजा १०५ दिवसांची केली. हा आंकडा कोणत्याहि देशाला भूषणावह आहे. परंतु पांच महिन्यांच्या करारांतील मुलीस दिवस गेले तर तिला काढण्याचें पाप कोणालाच करावें लागत नाहीं. नवा करार लिहिला नाहीं म्हणजे झालें. संघटना करावी म्हटलें तर वर्गणी भरून सभासद होते न होते तों दुकान बदलतें. कर्ज मागावें तर पेढीवाला विचारतो, नोकरी किती वर्षांची? भावाला चार वर्षांच्या पदवीच्या वर्गांत घालावें तर चार वर्षांत स्वतःच्या नोकऱ्या किती होतील हें तिला बोटांवर मोजावें लागतें.

आणि प्रत्येक नव्या पुडीच्या वेळीं दाखल्यांची वारी नव्यानें. बरांगाय म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक कचेरीचा दाखला, गुन्हा नसल्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी, छायाचित्रें. आणि या सर्वांस फी, शिवाय रांगेंत गेलेल्या दिवसांची बुडालेली मजुरी. सरकारनें यांतहि दया दाखविली आहे. २०१९ च्या एका कायद्यानें प्रथमच नोकरी शोधणारास पुष्कळशा सरकारी दाखल्यांची फी माफ केली. ही माफी अर्थातच एकदांच मिळते. कायदा करणारांच्या मनांत नोकरी शोधणें ही माणसाच्या आयुष्यांत एकदां होणारी गोष्ट होती. ज्या मुलीला ती वर्षांतून दोनदां करावी लागते ती त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हती.

या सर्वांवर ताण म्हणजे घरचें ऋण. 'उतांग ना लोओब' या नांवाची एक कल्पना तिकडच्या मनांत फार खोल रुजलेली आहे. ज्यानें आपणांस वाढविलें किंवा अडल्या वेळीं हात दिला त्याचें अंतःकरणांतलें ऋण, जें पैशानें कधींच पुरतें फिटत नाहीं. आमच्या मातृऋण-पितृऋणाच्या कल्पनेशीं तिचें नातें वाचकांस सहज कळेल. हें ऋण त्या मुलीला ओझें वाटतें असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां तोच तिचा अभिमान असतो. आमचा मुद्दा निराळा आहे. तिची देणीं जन्माचीं आणि मिळकत पांच महिन्यांची, या विषम जोडीला समाधान असें नांव देण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

आतां तिसरें कलम. आणि हेंच खरें वजनदार आहे, कारण तें बोलणारे गृहस्थ स्वतः व्यापारी आहेत व त्यांच्या हिशेबाच्या वह्या आम्हीं पाहिलेल्या नाहींत. धंद्याला चढउतार असतो, हें आम्ही मान्य करतों. फिलिपीन्समध्यें सप्टेंबर लागला कीं नाताळचीं गाणीं सुरू होतात. अलीकडच्या कित्येक वर्षीं तर नोव्हेंबराच्या मध्यापासून राजधानींतील मॉल सकाळीं ११ पासून रात्रीं ११ पर्यंत उघडे ठेवण्याचा प्रघात पडला आहे. त्या गर्दीपुरतीं चार जास्त माणसें घेतलीं आणि जानेवारींत त्यांस निरोप दिला तर त्यांत अन्याय आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. काम हंगामी असेल तर माणूस हंगामी असावें. परंतु चपला बाराहि महिने विकल्या जातात. काम बारमाही, दुकान बारमाही, नफा बारमाही; हंगामी काय तें एकटें माणूस! याला धंद्याची गरज म्हणत नाहींत. मालकाचा खर्च मुलीच्या खात्यावर टाकण्याची ती एक युक्ति आहे.

हें आमचेंच मत आहे असें नव्हे. त्या देशाच्या १९८७ च्या राज्यघटनेनें कामगारांस नोकरीच्या शाश्वतीचा हक्क दिला आहे. टूना माशाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यांतील नऊशेंहून अधिक कामगारांस पांच पांच महिन्यांच्या करारावर ठेवून मग निरोप देण्यांत आला, तेव्हां १९९७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट निकाल दिला कीं ही मुदत कामगारांची शाश्वति टाळण्यासाठींच घातलेली आहे, सबब ती ग्राह्य नाहीं. २०१६ च्या निवडणुकींत एंडो बंद करण्याचें वचन देऊन रोद्रिगो दुतेर्ते अध्यक्ष झाले. २०१७ सालीं खात्याचा हुकूम निघाला, २०१८ च्या कामगारदिनीं अध्यक्षांची आज्ञा निघाली. आणि २०१९ सालीं कायदेमंडळानें नोकरीच्या शाश्वतीचें विधेयक मंजूर करून सहीसाठीं पाठविलें, तेव्हां त्याच अध्यक्षांनीं तें जुलै महिन्यांत नाकारलें. कारण दिलें तें आमच्या व्यापारी मित्रांचेंच: मालक व कामगार यांचा समतोल बिघडेल. ज्या तराजूंत एका पारड्यांत सबंध मॉल आणि दुसऱ्यांत एक खाट आहे, त्याचा समतोल बिघडावयाचा तो काय राहिला होता!

धंदा बुडेल ही भीति आम्हां महाराष्ट्रीयांस नवी नाहीं. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून आठवड्याची एक सुटी मागितली, व सहा वर्षांच्या खटपटीनंतर १८९० सालीं रविवार मिळाला. त्यामुळें गिरण्या बंद पडल्या नाहींत. पुढें कित्येक दशकें त्या वाढतच गेल्या. त्या जेव्हां पडल्या तेव्हां त्याचीं कारणें निराळीं होतीं, व त्यांत रविवारचा गुन्हा कोणीं दाखविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आज आमच्या व्यापारी मित्रांस रविवारची सुटी इतकी स्वाभाविक वाटते कीं ती एकदां कोणीं तरी भांडून घेतली आहे, हें त्यांना सांगावें लागतें. तोंडोच्या संपवाल्यांनीं मागितलेली शाश्वतीहि त्याच जातीची वस्तु आहे.

येथपर्यंत वाचणारांस वाटेल कीं प्रोफेसरमहाशयांनीं समुद्रापलीकडच्या मालकांवर बरें तोंडसुख घेतलें. त्यांत त्यांचें काय जातें? ही शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर दिल्यावांचून हा लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

मनिलाच्या मुलीला बसावयास आसन मिळावें म्हणून २०१७ सालीं हुकूम निघाला. आपल्या देशांत कोझिकोडच्या कापडदुकानांतील बायकांनीं चळवळ केल्यावर २०१८ सालीं केरळनें, आणि २०२१ सालीं तामीळनाडूनें, असा कायदा केला. आपल्या गांवच्या लक्ष्मीरस्त्यावर साड्यांच्या घड्या मोडीत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली आमच्या घरच्या बायकांनीं शेंकडों वेळां पाहिल्या आहेत. त्यांच्यामागें स्टूल आहे कीं नाहीं हें पाहण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. पण हेंहि दूरचें झालें. आणखी जवळ येऊं.

आमच्या स्वतःच्या महाविद्यालयांत, आमच्या स्वतःच्या विभागांत, तीन तरुण स्त्रिया 'तासिका तत्त्वावर' शिकवितात. हा शब्द 'एंडो'पेक्षां संस्कृतप्रचुर आहे, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा. दर जून-जुलैला जाहिरात, अर्ज, मुलाखत. मग घेतलेल्या तासांचें मानधन, तेंहि कित्येक महिन्यांनीं. दिवाळींत कांहीं नाहीं, उन्हाळ्यांत कांहीं नाहीं. आणि पुढल्या वर्षीं पुन्हा पहिल्यापासून. त्यांतील एक बाई हें नऊ वर्षें करीत आहेत. पदव्या आमच्याहून अधिक, शिकविणें आमच्याहून बरें. नऊ वेळां त्यांची मुलाखत झाली, आणि नऊहि वेळां मुलाखत घेणारांत आम्ही होतों. जो विषय त्या आमच्या शेजारच्या वर्गांत वर्षभर शिकवीत होत्या त्याविषयींच आम्हीं त्यांना गंभीरपणें प्रश्न विचारले. काम बारमाही, वर्ग बारमाही, माणूस मात्र नऊ महिन्यांचें! दुकानदाराला लावलेला न्याय आम्हांला लावल्यास आमची सुटका नाहीं.

आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही कीं या बाई आम्हांस रोज सकाळीं हसून नमस्कार करतात. जास्तीचा तास घ्याल का, असें विचारलें तर हसून 'हो सर' म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत कोणाची पाळी कोणी नाकारली तर ती हसून आपल्याकडे घेतात. गेल्या नऊ वर्षांत आम्हीं त्यांच्याविषयीं घरीं व बाहेर कितीदां तरी म्हटलें असेल, 'बाई मोठ्या सुस्वभावी'. त्या चहाच्या बैठकींतून परत येतांना आमच्या ध्यानांत आलें कीं बारा जोड काढावयास लावणारे आमचे स्नेही आणि आम्ही यांत कांहींच अंतर नाहीं. ज्या हास्यावर दरवर्षीं जूनमध्यें आमची सही लागते, तें हास्य स्वभावाचें कीं सहीचें, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. या बाईंना तरी तें सांगण्याची सोय आम्हीं कोठें ठेविली आहे?

याला उत्तर तयार आहे, हें आम्ही जाणतों. जागा भरण्यास सरकारची परवानगी नाहीं, संस्थेजवळ पैसा नाहीं, आणि तासिकेवर का होईना पण शिकावयास मिळतें आहे हें काय कमी? हींच तीन कलमें आम्ही वर खोडून आलों आहों. परवानगी मिळत नसेल तर ती मागणाऱ्या अर्जावर विभागप्रमुखानें दरवर्षीं सही करावी, तिची पोंच घ्यावी, व ती पुन्हां पुन्हां प्रसिद्ध करावी. पैसा नसेल तर नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर झालेला खर्च कोठून आला तें सांगावें. आम्हीं असा अर्ज आजवर केला नव्हता. या महिन्यांत केला आहे. तासिकेवरील शिक्षकांचें मानधन महिन्याच्या महिन्यास द्यावें, आणि जे आधींच शिकवीत आहेत त्यांची दरवर्षीं परीक्षा घेण्याचा फार्स बंद करावा, अशा दोन मागण्या त्यांत आहेत. पुढल्या मुलाखतीच्या मंडळावर बसण्यास आम्हीं नकार कळविला आहे. ही फार मोठी गोष्ट नाहीं. आमची नोकरी कायम आहे, म्हणूनच ती आम्हांस परवडली. जिची नोकरी कायम नाहीं तिला ती परवडली नसती, आणि या लेखाचा सारांश हवा असल्यास तो हाच आहे.

राहतां राहिले आमचे स्नेही. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे, व तो हा लेख लिहितांना तिळभरहि कमी झालेला नाहीं. ते आमच्या संस्थेच्या नियामक मंडळाचे सभासद आहेत, हें येथें सांगणें भाग आहे. आमचा अर्ज पुढील बैठकींत त्यांच्यासमोरच येईल. त्या दिवशीं त्यांनीं आम्हांस शेक्सपिअर बाजूला ठेवून विद्यार्थिनींना हसावयास शिकवा, असें सांगितलें होतें. आमची त्यांस उलट विनंति अशी आहे कीं त्यांनीं त्या बैठकींत एकच प्रश्न विचारावा: आपल्या येथें जीं माणसें शिकवितात त्यांपैकीं किती पांच महिन्यांचीं, किती नऊ महिन्यांचीं, आणि किती पुरत्या वर्षाचीं आहेत? आमचें म्हणणें चुकलें असें त्यांना वाटत असल्यास त्यांनीं तें सप्रमाण दाखवावें. याच मासिकाचीं पानें त्यासाठीं त्यांस मोकळीं आहेत, असें संपादकांनीं आम्हांस कळविलें आहे.